लाटा शिकायला समुद्र कशाला?

आपल्या तापी-गिरणेच्या मुलखात समुद्र नाही, मग लाटा कशाला शिकायच्या, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. गुरांच्या हौदात खडा टाका. गोल लाट काठाला येते, पण वर तरंगणारं निंबाचं पान जागीच वरखाली हलतं. पाणी पुढे जात नाही, हलणं पुढे जातं.

आवाज पण हवेतली लाटच. तो ३ सेकंदांत सुमारे १ किलोमीटर जातो. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत मोजा. ९ सेकंद म्हणजे ३ किलोमीटर. पुढची वीज आपल्या शेतातही पडू शकते! म्हणून कपाशी निंदणाऱ्यांनी झाडाखाली न थांबता लगेच पक्क्या घरात जावं.

मित्रांनो, असा जीव वाचवणारा पाठ चौथीतच पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

इयत्ता ४ थी