जट आणि जटा

आमचे चिरंजीव पुण्यास शिकतात. गेल्या मे महिन्यात सुटीला म्हणून सोलापुरास आले, ते डोक्यावर जटा घेऊन. स्टेशनवर आणायला गेलेल्या यांनी मुलाला ओळखलेच नाही. "गाडीतून एक गोसावी उतरला, आपला बाळ काही दिसत नाही," असे मला फोनवर सांगत असतानाच त्या गोसाव्याने वाकून त्यांना नमस्कार केला!

घरी सासूबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या. तो हातातच राहिला. "पुण्यातले न्हावी संपावर गेलेत का रे?" एवढेच विचारून त्या देवघरात जाऊन बसल्या.

जटा म्हणजे केसांकडे दुर्लक्ष केल्याचे फळ, अशी माझी आपली समजूत. चिरंजीवांनी ती दूर केली. आधी डोक्यावर केसांचे चौकोनी वाफे पाडायचे. एकेका वाफ्यातले केस टोकाकडून मुळाकडे उलटे विंचरून त्यांचा गुंता करायचा आणि सुटे राहिलेले केस क्रोशाच्या सुईने आत ओढून घ्यायचे. क्रोशाच्या सुईने! माझ्या आईने जिने टेबलावरचे रुमाल विणले तीच ही. असे पार्लरात सात तास बसल्यावर ज्या तयार होतात त्या जटा अजून कच्च्या. आपल्याकडचे केस सरळ, त्यामुळे सुटायला बघतात. सुरुवातीचे काही महिने डोके खाजते, केस चहूकडे उभे राहतात, गुंता घट्ट होईल तशी लांबी आखडते. महिन्या-दोन महिन्यांनी मुळाशी वाढलेले नवे केस पुन्हा आत ओवायचे. वर्षा-दीड वर्षाने कुठे ती दोरी आतून भरते.

याचे शास्त्रही त्याने सांगितले. माणसाच्या डोक्यावरचे पन्नास ते शंभर केस रोज गळतात. विंचरले नाही तर गळलेला केस शेजाऱ्याला धरून तिथेच राहतो. प्रत्येक केसावर माशासारखे सूक्ष्म खवले असतात, ते एकमेकांत अडकतात. धनगराचे घोंगडे धुतल्यावर आटून दाट होते, त्यातलाच हा प्रकार.

"म्हणजे मुरावं लागतं," देवघरातून आवाज आला. घरात लोणच्याची तयारी चालली होती, तेव्हा सासूबाईंना उपमा शोधायला लांब जावे लागले नाही.

आणि धुण्याचे केवढे प्रस्थ! आठवड्यातून दोनदा शाम्पू, मग पिळणे, मग उन्हात बसून आतपर्यंत वाळवणे. ओल राहिली तर कुबट वास येतो म्हणे. सोलापूरच्या उन्हाबद्दल आमच्या मुलाने जन्मात पहिल्यांदा चांगले उद्गार काढले. त्याच्या खोलीच्या भिंतीवर बॉब मार्ले आले. जमैका बेटावर १९३० नंतर रास्ताफारी पंथ उभा राहिला, त्या पंथाच्या काळ्या लोकांनी गोऱ्यांच्या राज्यात आपल्या जटा अभिमानाने मिरवल्या, हेही मला सांगण्यात आले. मी म्हटले, "बाबा रे, तुला कोणत्या राज्याचा निषेध करायचा आहे?" तो म्हणाला, "आई, मला फक्त आवडतात."

असाच तो एकदा पायरीवर जटा वाळवत बसला असताना आमच्या भाजीवाल्या मावशी आल्या. अक्कलकोटकडच्या एका खेड्यातल्या, बोलण्यात निम्मे कानडी. बारा वर्षे त्या आमच्या दाराशी येतात. त्यांनी टोपली खाली ठेवली, मुलाकडे पाहिले आणि हात जोडले.

"कवा आली रं बाळा?"

"मार्चमध्ये."

"आपली आपण?"

"नाही, पैसे दिले. सात तास लागले."

मावशी बघतच राहिल्या. "इकत घेतलीस?" असे म्हणताना त्यांचा डोक्यावरचा पदर सरकला. आत मनगटाएवढी जाड, हळदीने पिवळी पडलेली, दगडासारखी कडक झालेली एक जट मानेवर वळसा घालून बसली होती.

वाचकांपाशी एक कबुली द्यायला हवी. मी एम.ए.च्या वर्गात राजन गवस यांची 'चौंडकं' शिकवते. यल्लम्माला सोडलेल्या मुलीची ती कादंबरी. तिच्याही आधाराने २००९ साली 'जोगवा' चित्रपट आला, तो मी विद्यार्थ्यांना घेऊन पाहिला आहे, त्यावर तासभर बोलले आहे. आणि बारा वर्षे ज्या बाईच्या हातून मेथीची जुडी घेतली, तिचा पदर कधी ढळत नाही याचे मला कौतुक वाटत आले होते! टोपली त्या नेहमी कमरेवर आणीत, डोक्यावर कधीच नाही. तीही मी त्यांची लकब समजत होते.

भाषेच्या मास्तरणीला त्या रात्री आणखी एक गोष्ट खटकली. शंकराच्या त्या जटा, ऋषींच्या त्या जटा. बाईच्या डोक्यावर मात्र ती एकवचनी 'जट'. जटांनी मोठेपण येते आणि जट 'निघते', एखादे गळू निघावे तशी. केस तेच आणि खवलेही तेच.

मावशींना ती दुसऱ्या बाळंतपणात निघाली होती. ताप महिनाभर हटला नाही, डोक्याला फणी लागली नाही, तेल मात्र थापले जात होते. उठून बसल्या तेव्हा मानेमागे गुंता. सासूने त्यावर भंडारा टाकला आणि यल्लम्मा आली म्हणून जाहीर केले. तेव्हापासून सव्वीस वर्षे फणी नाही. मंगळवार-शुक्रवार जोगवा. मान पुरती वळत नाही, झोप एकाच कुशीवर. आत उवा. "कापली तर घरातलं मानूस जातंय. आमच्या गावात एकीनं कापली, तिचा मालक त्याच साली गेला."

अशी भीती काही आपल्याच मुलखाची मिरास नाही. पोलंडातही केसांच्या अशा गुंत्याला लोक शेकडो वर्षे भीत. तो कापला तर माणूस आंधळा होतो, वेडा होतो, असे मानीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर डॉ. युझेफ डिटल यांनी, जे पुढे क्राको शहराचे महापौर झाले, हा रोग नसून अस्वच्छता आहे असे ठणकावून सांगितले. आपल्याकडे मात्र या गुंत्याला आणखी एक टोक होते. जट निघालेली मुलगी देवीची ठरे आणि सौंदत्तीच्या वाटेला लागे. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ साली, कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली कायदे झाले. पण गुंता सोडवायला घरोघर जावे लागले ते माणसांनाच. १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ते काम अंगावर घेतले. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, तरी ते थांबले नाही. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी तर शेकडो बायकांच्या जटा उतरवल्या आहेत.

हे सगळे मी मावशींना सांगितले. वर्गात सांगते तसेच, मुद्देसूद. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "दोडकी देऊ का पावशेर?"

मुलाने दुसऱ्या दिवशी वेगळेच केले. मावशी टोपली उतरवत होत्या. "मावशी, बघा हं," म्हणून त्याने कानाजवळची एक जट बोटांत धरली आणि कात्री उचलली. "नको रे!" कोण ओरडले असेल? मावशी नव्हेत, आमच्या सासूबाई! महिनाभर ज्या जटांना त्या नावे ठेवीत होत्या, त्यांनाच कात्री लागताना त्यांच्या पोटात गोळा आला. पण तोवर ती पायरीवर पडलेली होती.

पुढे तीन आठवडे मावशी दारात आल्या की भाजीचा भाव सांगण्याआधी विचारीत, "पोरगं बरं हाय न्हवं?" एकदा त्याला साधे पडसे झाले तर त्या दोन दिवस फिरकल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी रस्त्यातूनच वाकून पाहिले. तो शेंगाचटणी आणि कडक भाकरी खात बसला होता. मग आत आल्या.

शेवटी त्यांना बोलते केले ते सासूबाईंनी. ओट्यावर बसून लसूण सोलता सोलता त्या म्हणाल्या, "अगं, रामानं काय केलं? वनवासाला निघताना गंगेकाठी वडाचा चीक मागवला आणि आपल्या हातानं जटा वळल्या. चौदा वर्षं ठेवल्या. परत आल्यावर राज्याभिषेकाआधी उतरवल्या, न्हायला. कोण कोपलं त्याच्यावर?" वाल्मीकींनी हे लिहिले आहे खरे. मी रामायणही शिकवते, पण मला ते सुचले नव्हते.

मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माजाबी वनवास झाला की सव्वीस वर्सं."

समितीच्या एक बाई दोनदा येऊन त्यांच्याशी आणि त्यांच्या मुलाशी बोलून गेल्या. जट आमच्याच अंगणात कापायची ठरली. फोटो काढायचा नाही, ही मावशींची अट. कात्री चालेना. थोडे थोडे कातरत बराच वेळ गेला. मावशींनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. जट खाली पडली तेव्हा ओली माती पडावी तसा आवाज झाला. सासूबाईंनी ऊन पाणी काढून ठेवले होते. न्हाऊन आल्यावर मावशींनी मान आधी डावीकडे वळवली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. आमचे चिरंजीव, एक जट कमी असलेले, त्यांच्याकडे बघून हसत होते.

"मालक कुटं हायत तुमचे?" मी विचारले, कारण त्यांच्या डोळ्यांत धास्ती अजून होती.

"रानात. सकाळधरनं दोनदा फोन केला. बरं हायत."

टोपलीत अजून अर्धी भाजी होती. त्यांनी ती सवयीने कमरेला लावली, मग थांबल्या आणि पुन्हा खाली ठेवली.

"बाई, एकादं जुनं धडपं हाय का?" त्या म्हणाल्या. "चुंबळ करते."