एकशे साठ चौरस फूट

सुट्टीहून परत आलं की वर्गात एक प्रश्न ठरलेला असतो : "काय, मुंबईत काय काय पाहिलंस?" आणि त्याच्यामागोमाग दुसरा, जरा डोळे मिचकावून विचारलेला : "पाहुणचार कसा काय झाला?" बेळगावात आपल्या सगळ्यांची एक ठाम समजूत आहे. मुंबईची माणसं कोरडी. त्यांच्या घरात जागा नाही, तशी मनातही नाही. चौथ्या दिवशी ती पाहुण्याला परतीच्या गाडीची वेळ सांगतात. ही गोष्ट मीही अनेकदा चवीनं सांगितली आहे. २०२४ च्या मे महिन्यात आठ दिवस मामाकडे राहून आलो आणि आता ती सांगायची मला लाज वाटते. का, ते सांगतो.

माझा मामा नायगावच्या बी.डी.डी. चाळीत राहतो. या चाळी सरकारनं १९२० च्या दशकात कामगारांसाठी बांधल्या. आजोबा बेळगाव तालुक्यातून गिरणीत कामाला गेले आणि त्यांना तिथं ही खोली मिळाली. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, आजोबांची नोकरी गेली आणि ते गावी परतले. मामा मात्र खोली धरून राहिला. खोली एकशे साठ चौरस फुटांची. त्यातच मोरी, त्यातच ओटा, त्यातच देव. संडास मजल्यावर सामाईक. मामा, मामी, मामेभाऊ आणि मामेबहीण अशी चार माणसं तिथं राहतात. पाचवा मी जाऊन पडलो.

पडण्याआधी एक फजिती झाली. दादरला जाणाऱ्या चालुक्य एक्सप्रेसनं मी निघालो. आईनं पाच किलो बासमती, कुंदा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. मामानं फोनवर बजावलं होतं, "उतरलास की एक नंबरवर थांब. मी येतो." रात्रभर गाणी ऐकून मोबाईलची बॅटरी संपवली आणि सकाळी दादरला पिशव्या सावरत, पाट्या वाचत, पूल ओलांडून एक नंबरच्या फलाटावर जाऊन उभा राहिलो. पाऊण तास झाला तरी मामाचा पत्ता नाही. मला वाटलं, झालं! कोरडी माणसं म्हणतात ती हीच. शेवटी फुलांचा भारा घेऊन चाललेल्या एका बाईंना विचारलं. त्या हसल्या. "तुझा मामा सेंट्रलवाला असेल. तिकडचा एक नंबर आता आठ झालाय, बाळा." डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या फलाटांना सलग आकडे दिले, पश्चिम रेल्वेचे एक ते सात तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे आठपासून पुढे सुरू झाले. मामाच्या डोक्यात मात्र जन्मभराचा 'एक'च होता. आठ नंबरवर तो घामाघूम होऊन उभा होता. मला पाहताच ओरडला, "अरे, कुठं होतास? तुझ्या आईला काय तोंड दाखवणार होतो मी?" कामावर अर्ध्या दिवसाचा खाडा करून तो आला होता, हे मला संध्याकाळी मामीकडून कळलं.

दुसरी फजिती माटुंग्याची. दादरच्या पुढचंच स्टेशन म्हणून एकटाच निघालो आणि समोर आलेल्या गाडीत घुसलो. गाडी जलद होती. माटुंगा डोळ्यांदेखत मागे गेलं आणि मी कुर्ल्याला उतरलो. परत येऊन स्टेशनजवळच्या एका उडुपी खानावळीत जेवायला बसलो आणि घरी फोन लावला. शेजारचे काका फोनवर आले, तेव्हा सवयीनं कन्नडमध्ये बोललो. वाढणारा थबकला. "यावूरु?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "बेळगाव री." त्या 'री'वर तो मनापासून हसला, त्याचं गाव कुंदापूरकडचं. मग न मागता सार पुन्हा आलं, पापड आला आणि जाताना नीट शिकवणीही मिळाली : गाडीत चढण्याआधी वरच्या पाटीवर 'स्लो' आहे का ते बघायचं. आपल्याकडे ज्या भाषेवरून आवाज चढतात, त्या भाषेच्या चार शब्दांनी परक्या गावात मला जेवताना सोबत दिली. या अंकात दोन विभाग शेजारी शेजारी छापले जातात, म्हणून हे इथं नोंदवून ठेवतो.

पण लाज वाटण्याचं कारण वेगळंच आहे. मामेभाऊ रात्रपाळीला जातो. सकाळी आठला येतो आणि दिवसा झोपतो. खोलीत कॉट एकच. मी आल्यापासून दुपारी ती मला मिळत होती. भाऊ कुठं जातो, असा प्रश्न मला तीन दिवस पडला नाही. चौथ्या दुपारी मोबाईलचा चार्जर विसरला म्हणून मी वाटेतून परत आलो. चाळीच्या मधल्या पॅसेजमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत, चटईवर तो झोपला होता. डोळ्यांवर उजेड नको म्हणून तोंडावर टॉवेल टाकलेला. त्याला ओलांडून मी खोलीत गेलो आणि कॉटकडे पाहून मला कसंसंच झालं.

कारण मला आमचं घर आठवलं. पाच खोल्या, माडी, मागे परसू. आदल्या वर्षी एका लग्नासाठी हीच मंडळी आमच्याकडे आली, तेव्हा तीन दिवस माझी खोली सोडावी लागली म्हणून मी आईजवळ कुरकुर केली होती. "माझा अभ्यास बुडतो की," असं म्हणालो होतो.

मला वाटतं, पाहुणचार मोजायचं आपलं मापच चुकतं. पानात किती वाढलं, हे आपण मोजतो. यजमानाजवळ होतं त्यातलं किती दिलं, हे मोजत नाही. पाच खोल्यांतली एक देणं आणि एका कॉटमधली कॉट देणं, यांत फार अंतर आहे. मुंबईचा माणूस पाहुण्याला गाडीची वेळ विचारतो, ती त्याला घालवण्यासाठीच असते असं नाही. कोणत्या दिवशी खाडा करायचा, पहाटे पाणी किती भरायचं, कोणी कुठं झोपायचं, याचं गणित त्याला मांडायचं असतं.

निघताना मी मामीला म्हटलं, "तुमचे आभार कसे मानू?" ती रागावलीच. "आभार कसले? तू काय परका आहेस?" हे वाक्य आपल्याकडे घरोघर ऐकू येतं. ते प्रेमाचं आहे, यात शंका नाही. पण त्याच्या आड लपणं पाहुण्याला फार सोपं जातं. परका नाही म्हणून आभार नाहीत. आभार नाहीत म्हणून आठवण नाही. आणि मग परत येऊन वर्गात 'कोरडी माणसं' म्हणायला आपण मोकळे. मामीनं तसं म्हणावं, हा तिचा मोठेपणा. मी ते खरं मानून स्वस्थ बसावं, हा माझा नव्हे.

चाळींचा पुनर्विकास होतो आहे. मी गेलो तेव्हा मामाच्या इमारतीची पाळी आली नव्हती. त्यांना पाचशे चौरस फुटांचं घर मिळायचं आहे. ते लवकर मिळो. भावाला दार लावून झोपता येईल.

त्या दिवाळीत मी त्याला हट्टानं बेळगावला बोलावलं. माझी खोली त्याला दिली आणि खिडकीला आईचं जुनं जाड चादरीचं कापड पडद्यासारखं लावलं. पहिल्या दिवशी तो दुपारी चार वाजेपर्यंत झोपला. कोणीही त्याला उठवलं नाही.