थांब्यांचाही हिशेब मांडावा

नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झाला. प्रवासाचे किती तास वाचले, याचा हिशेब तत्परतेने मांडला जातो. मात्र त्या तासांचे कुटुंबाने काय करावे, हे कोणी विचारीत नाही. वास्तविक वेळेचे मोल ती कशासाठी खर्च होते यावरच ठरते.

आजी-आजोबांसह निघालेल्या कुटुंबास वाटेत थांबून पाहण्याजोगे आपल्याकडे पुष्कळ आहे. नागपुरात झीरो माईलचा स्तंभ व त्याचे चार घोडे आहेत. काटोल मार्गावर जुनापाणीची महापाषाणकालीन शिळावर्तुळे आहेत. महामार्गावरून मेहकरजवळ उतरले की उल्काघाताने बेसॉल्ट खडकात झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातील लोणार सरोवर गाठता येते. शिळांचे वय नातवंडांना पुस्तकातून कळेल. परंतु रामटेकच्या यात्रेस बैलगाडीने कसे जात, हे आजोबांनीच सांगावे लागते. त्यासाठी गाडी थांबली पाहिजे.

आणि थांबणे वृद्धांना सोसवले पाहिजे. लोणारच्या विवरात उतरणे त्यांच्या गुडघ्यांना झेपणारे नाही. काठावर सावलीत बसून मात्र ते सारे पाहू शकतात. अशा प्रत्येक स्थळी सावली, बाक, पिण्याचे पाणी व स्वच्छ शौचालय हवे. महामार्गाच्या खर्चापुढे हा खर्च नगण्य होय. ही चैन आहे, असे काहींना वाटेल. परंतु या सोयींअभावी म्हातारी माणसे घरीच राहतात, आणि त्यांच्या आठवणीही त्यांच्यासमवेत घरीच राहतात. हा तोटा कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढेच.