बॅटरीची तीनचाकी दारात का पडून राहते?



शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या वस्त्यांमधून बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकी सायकली आणि चाकांच्या खुर्च्या आता दिसू लागल्या आहेत. केंद्र सरकारच्या १९८१ पासून चालू असलेल्या एडिप योजनेतून काहींना कानपूरच्या ॲलिम्कोची गाडी मिळते, तर काहीजण पदरमोड करून घेतात. गाडी आली की आपला अपंग बांधव बाजाराला, बँकेत, विहारात एकटा जाऊ लागतो. कुणाच्या पाठीवर बसावे लागत नाही, कुणाची वाट पाहावी लागत नाही.

पण पुष्कळ घरांत वर्ष-दीड वर्षात "बॅटरी बसली" असे ऐकू येते. नवी जोडी घ्यायची तर काही हजार रुपये लागतात. रोजंदारीवरच्या घराला ते झेपत नाही. गाडी ओट्यावर उभी राहते, तिच्यावर कपडे वाळत घातले जातात आणि माणूस पुन्हा दारात बसतो. नीट सांभाळली तर हीच बॅटरी दोन वर्षे आणि त्याहूनही जास्त चालू शकते. म्हणून ती अवेळी का मरते, हे घरातल्या सर्वांनी समजून घेतले पाहिजे.

बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टच्या दोन शिशाच्या बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. बॅटरी वापरली की आतल्या पट्ट्यांवर शिशाचा एक क्षार बसतो. लगेच चार्ज केली तर तो विरघळतो. तशीच रिकामी ठेवली तर तो घट्ट होतो. बोअरच्या पाण्याने हंड्याच्या बुडाला जशी खर धरते, तसेच हे आहे. एकदा खर धरली की पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. "पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नये" हा समज या बॅटरीला मारतो. गाडी थोडी फिरवली असली, तरी त्याच रात्री चार्जिंगला लावावी आणि चार्जरचा दिवा भरल्याची खूण देईपर्यंत काढू नये. त्याला आठ-दहा तास लागू शकतात. गाडी लिथियमची असेल तर तिचे नियम वेगळे आणि चार्जरही वेगळा असतो.

इथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. बिल वाढेल म्हणून काही घरांत रात्री प्लग काढला जातो. हिशेब करून पाहा. २४ व्होल्ट आणि ३२ अँपिअर-अवरची जोडी पूर्ण रिकामी असली, तरी ती भरायला साधारण एक युनिट वीज लागते. एका युनिटच्या बचतीसाठी हजारोंची बॅटरी आणि माणसाचे फिरणे घालवायचे का? १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते आणि विजेचे धोरण त्याच खात्याकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक मिळावी, हा त्यांचा आग्रह होता. त्या विजेतले एक युनिट घरातल्या अपंग माणसाच्या वाट्याला येऊ नये काय?

दुसरा शत्रू ऊन. बॅटरीला साधारण २५ अंश तापमान मानवते. त्यावर सतत दहा अंश वाढले की तिचे आयुष्य निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या खोलीत त्याहूनही जास्त. गाडी झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत लावावी. चार्जिंग चुलीपासून दूर, हवेशीर जागेत करावे.

तिसरा, पडून राहणे. पावसाळ्यात भीमा-घोडकाठच्या काळ्या मातीत चाक रुतते, म्हणून गाडी महिनोन् महिने घरात राहते. न वापरताही बॅटरी हळूहळू उतरते. वर्षावासात गाडी बाहेर निघाली नाही, तरी महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करावी. टायरमध्ये हवा कमी असेल तर मोटार जास्त वीज खाते, म्हणून हवाही पाहावी.

बदलायची वेळ आली तर दोन्ही बॅटऱ्या एकदम, एकाच कंपनीच्या आणि एकाच क्षमतेच्या घ्याव्यात. जुनी-नवी जोडी लावली तर जुनी नवीलाही खाली ओढते. स्वस्तात मिळते म्हणून रिक्षा-ट्रॅक्टरची बॅटरी बसवू नये. ती इंजिन चालू करण्यापुरती असते, तासन्‌तास गाडी ओढण्यासाठी नसते. चार्जर गाडीचाच वापरावा. सीलबंद बॅटरीत पाणी किंवा ॲसिड घालू नये.

मात्र सगळा दोष घरच्यांचा नसतो. मोजमापाचे शिबिर आणि वाटपाचे शिबिर यांत महिने जातात. गाडी गोदामात चार्जिंगविना पडून राहिली, तर घरी येण्याआधीच बॅटरी अर्धी मेलेली असते. म्हणून गाडी घेताना हार-फोटो होण्याआधी बॅटरीवरची तारीख पाहा, गाडी चालवून पाहा, चार्जर, पावती आणि वॉरंटीचा कागद मागून घ्या. मागायला संकोच कसला? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर ही मेहरबानी राहिलेली नाही, तो हक्क आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. त्यातून बॅटरीसाठी मदत मिळावी, असा अर्ज ग्रामसभेत द्या आणि पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे.

विहार समित्यांनी आणि महिला मंडळांनी एवढे तरी करावे. आपल्या वस्तीत किती गाड्या बंद पडल्या आहेत त्यांची यादी करावी आणि सर्वांचे अर्ज एकत्र द्यावेत. विहाराच्या एका कोपऱ्यात चार्जिंगचा एक प्लग द्यावा. पुढच्या पौर्णिमेला वंदनेला कोण आले नाही, हे पाहताना त्याची गाडी चालू आहे का, हेही विचारावे.

जय भीम!