चावी चाळीस तासांची



कचेरी एका इमारतीतून दुसरीत हलवायची ठरली की पहिले काम आम्हा कारकुनांच्या गळ्यात पडते. डेडस्टॉक रजिस्टर काढा, टेबले मोजा, कपाटे मोजा, मोडक्या खुर्च्या निर्लेखित करा. नोकरीत अशी हलवाहलव मी तीन वेळा केली आहे. म्हणून अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या एका रेल्वे-क्लबाने जागा बदलल्याची हकीकत वाचनात आली, तेव्हा माझे लक्ष आधी गेले ते सामानाकडे. काय नेले आणि काय टाकले?

रेल्वे म्हणजे खरी नव्हे, छोटी. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची. पण तिला खेळणे म्हणू नये. रूळ, सांधे, सिग्नल, पूल, डोंगर, गावे, सगळे हाताने केलेले आणि विजेवर चालणारे. बोस्टनजवळच्या केंब्रिज गावात एमआयटी ही तंत्रशिक्षणाची नामांकित संस्था आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी १९४६ साली हा ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ काढला.

त्याचे बिऱ्हाड अनेक वर्षे ‘बिल्डिंग २०’ मध्ये होते. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या संशोधनासाठी १९४३ साली घाईघाईने उभी केलेली ही तीन मजली लाकडी इमारत. युद्ध संपले की पाडायची, असेच ठरलेले. ती उभी राहिली ५५ वर्षे! उन्हाळ्यात तापायची, थंडीत गारठायची. पण तिची एक मोठी सोय होती. तिच्या रूपाची कोणाला फिकीर नव्हती. भिंतीला भोक पाडायचे, छतातून तार ओढायची, तर कुणा साहेबाची सही आणावी लागत नसे. चकचकीत इमारतीत असे कोण करू देतो?

क्लबात दोन प्रकारची मुले होती. एकांना इंजिने रंगवायची, डबे घडवायचे, डोंगर-झाडे उभी करायची हौस. दुसऱ्यांचा मुक्काम टेबलाच्या खाली. रुळांना वीज कशी पोहोचते, कुठल्या गाडीला कधी मिळते, हे त्यांचे वेड. काम सोपे नव्हते. एकाच रुळावर दोन गाड्या दोघांनी वेगवेगळ्या चालवायच्या, तर रुळाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची वीज निराळी करावी लागते. गाडी पुढच्या तुकड्यात शिरली की त्या तुकड्याची तार तिच्याच चालकाच्या हाती जोडली गेली पाहिजे. हे काम रिले करतात. टेलिफोन एक्स्चेंजमध्येही तेच चालते, कोणाची तार कोणाला जोडायची! म्हणून या मुलांनी टेलिफोनचेच सामान वापरले. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी कॉलेजांना असे सामान देणगी देत असे. फोनची तबकडी फिरवून रेल्वे चालवणारी मुले ती!

आणि नियम कसा? खोलीची चावी मागून मिळत नसे. क्लबासाठी चाळीस तास काम करा, मग चावी घ्या. मग रात्री दोन वाजता या, नाहीतर पहाटे चार वाजता, दार तुमचेच. वर्गणी भरून हक्क सांगणारे सभासद मी पुष्कळ पाहिले. तासांचा हिशेब देऊन हक्क मिळवायची ही पद्धत मला फार आवडली. एक खंतही नोंदवतो. त्या काळातली जी नावे वाचनात येतात, त्यांत मुलगी दिसत नाही.

टेबलाखालच्या या मंडळींना पुढे खुणावले ते कॉम्प्युटरने. पन्नाशीच्या दशकात संस्थेत आयबीएमचा एक मोठा, महागडा कॉम्प्युटर होता. त्याला हात लावायची विद्यार्थ्यांना बंदी. आपले कार्ड खिडकीवर द्यायचे, आतले लोक यंत्रात घालणार, उत्तर मागाहून. आपल्याला हा अनुभव नवा नाही! त्या आतल्या लोकांना मुलांनी नाव ठेवले होते ‘पुरोहित’. हे नाव मी दिलेले नाही, बरे का. तिकडे अमेरिकेतही ते कोणाला तरी सुचले, एवढेच सांगतो.

मग १९५८ साली टीएक्स-झीरो नावाचे दुसरे यंत्र संस्थेत आले. क्लबाचे जुने सभासद जॅक डेनिस यांनी मुलांना त्याच्याशी गाठ घालून दिली. इथे मधे पुरोहित नव्हता, स्वतः बसून चालवायचे. टेबलाखाली जे हात तयार झाले होते ते तिथे कामाला आले. १९६२ साली स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘स्पेसवॉर’ हा कॉम्प्युटरवरचा खेळ केला. तो खेळण्याची हातातली खोकी अॅलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी क्लबाच्या खोलीत पडलेल्या सामानातून बनवली. ‘हॅक’ हा शब्दही या क्लबातून पसरला. त्यांच्यात तो निव्वळ आनंदासाठी केलेल्या हुशारीच्या करामतीला म्हणत. आज आपण तो बँकेतले पैसे चोरीला गेले की वापरतो.

अखेर बिल्डिंग २० पाडायचे ठरले. १९९७ साली क्लबाला खोली सोडावी लागली, १९९८ साली इमारत जमीनदोस्त झाली. पुढे त्या जागी फ्रँक गेहरी यांच्या आराखड्याचे ‘स्टाटा सेंटर’ उभे राहिले. ते २००४ साली उघडले.

आता सामानाची यादी. इंजिने आणि डबे खोक्यात भरता येतात. मांडणीचे काय करणार? ती त्या खोलीच्या मापाने वाढलेली. डोंगर लाकडी सांगाड्याला धरून बसवलेले, खाली तारांचे जंजाळ, कुठली तार कुठे जाते हे जोडणाऱ्यालाच ठाऊक. कापून न्यावी तर जुळणार नाही, सोडून द्यावी तर पन्नास वर्षांचे श्रम जाणार. तिचा बराचसा भाग नष्टच झाला. आमच्या रजिस्टरात ‘निर्लेखित’ असा शेरा मारून पान उलटले असते. पण त्या तारांखाली पाठीवर पडून किती मुलांनी रात्री काढल्या, याला रकाना कुठला? कचेरीत मी फक्त कपाटे सोडून आलो. तरी निघताना पाय जड झाले होते.

संस्थेचे वस्तुसंग्रहालय तेव्हा ज्या इमारतीत होते, तिथे क्लबाला नवी जागा मिळाली. पुन्हा लाकूड कापण्यापासून सुरुवात. या खेपेला गाड्यांचा ताबा कॉम्प्युटरकडे दिला. मांडणीतला काळ मात्र १९५० च्या सुमाराचा ठेवला, वाफेची आणि डिझेलची इंजिने शेजारी शेजारी धावत होती तो. त्या छोट्या गावात मुलांनी आपल्याच संस्थेच्या ‘ग्रीन बिल्डिंग’ या उंच इमारतीची प्रतिकृती उभी केली, खिडक्याखिडक्यांत दिवे बसवले आणि त्या दिव्यांवर टेट्रिसचा खेळ खेळता येईल अशी सोय केली. १९५० च्या गावात टेट्रिस कुठून आला, असे विचारणारा कोणी कारकून तिथे नसावा!

आणि २०१२ साली विद्यार्थ्यांनी खऱ्याखुऱ्या ग्रीन बिल्डिंगच्या खिडक्यांतही दिवे लावले, आणि त्या अख्ख्या इमारतीवर टेट्रिस खेळून दाखवला.