अर्ज मुलाचा, पसंती बापाची

डिसेंबर लागला की परप्रांतांतील मराठी मंडळांच्या बैठकींतून काही कुटुंबे एकाएकी दिसेनाशी होतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या घरची बाई येत नाही. नाटकाच्या तालमीला गृहस्थ फिरकत नाहीत. चौकशी केली म्हणजे ठरलेले उत्तर मिळते : ‘यंदा आमची बारावी आहे.’ या उत्तरातील ‘आमची’ हा शब्द कोणालाच खटकत नाही. आम्हांला तो खटकतो, आणि का खटकतो हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. आमचे बहुतेक वाचक आमच्यासारखेच बदलीच्या नोकरीतले आहेत. त्यांना यातील काही विधाने झोंबतील. ती झोंबावीत अशीच आमची इच्छा आहे.

बारावीच्या मुलाला घराचा आधार लागत नाही, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आपल्या वेळची बारावी आणि आजची बारावी यांत जमीनअस्मानाचे अंतर पडले आहे. जानेवारीत ‘जेईई’ची पहिली फेरी, फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा, एप्रिलमध्ये ‘जेईई’ची दुसरी फेरी, मे महिन्यात ‘नीट’, आणि २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी ‘सीयूईटी’. २०२१ साली दिल्लीच्या काही महाविद्यालयांत ठरावीक विषयांची प्रवेशरेषा शंभर टक्क्यांवर गेली होती. त्या रेषेच्या जागी ही नवी परीक्षा आली. २०२४ मध्ये ‘नीट’साठी तेवीस लाखांहून अधिक मुलांनी नावे नोंदविली, एम.बी.बी.एस.च्या जागा साऱ्या देशात मिळून सव्वा लाखही नव्हत्या. अशा गर्दीत आपले पोर चेंगरू नये म्हणून आईबापांचा जीव कासावीस होणे स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच की, या कासाविशीत आपण नेमके कोणते काम अंगावर घेतो आणि कोणते टाळतो.

बापाने करावयाची कामे थोडी नाहीत. परप्रांतातील अधिकाऱ्याला तर ती अधिकच आहेत. एकच उदाहरण घेऊ. राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थांतील निम्म्या जागा त्या त्या राज्याच्या मुलांसाठी राखलेल्या असतात, आणि राज्य ठरते ते मुलाने बारावी जेथे उत्तीर्ण केली त्यावरून. जन्मगावावरून नव्हे, आडनावावरून तर नव्हेच. म्हणजे साताऱ्याच्या घराण्यातील मुलगा भोपाळला बारावी झाला, तर भोपाळच्या मौलाना आझाद संस्थेत तो घरचा आणि नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत परका. हे अकरावीच्या प्रवेशापूर्वी ठाऊक असले तर त्याचा काही उपयोग. जूनमध्ये कळले तर केवळ मनस्ताप. तीच गोष्ट जातीच्या आणि नॉन-क्रीमिलेयरच्या दाखल्यांची. केंद्राचा नमुना वेगळा, राज्याचा वेगळा. केंद्राची यादी वेगळी, राज्याची वेगळी. दाखला चालू वर्षाच्या १ एप्रिलनंतरचा हवा. आपण गुवाहाटीला आणि तहसील कचेरी मूळ गावी. हे हेलपाटे सतरा वर्षांच्या मुलाने घालावयाचे नाहीत. ते आपले काम आहे. नियमपुस्तिका वाचणे, रजा काढून दाखले आणणे, पैशाची तजवीज करणे, घरात शांतता राखणे, वेळेवर जेवू घालणे आणि पेपर अवघड गेला त्या दिवशी तोंड बंद ठेवणे : एवढे निष्ठेने केले तरी पितृऋणाची उलटी फेड झाली असे समजावे.

परंतु कचेरीत आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांत त्रुटी काढणारे आपण नेमके हेच काम शेवटच्या आठवड्यावर ढकलतो, आणि जे काम आपले नाही ते मात्र पहिल्या दिवशीच ताब्यात घेतो. अर्जात मोबाइलचा क्रमांक कोणाचा घातलेला असतो? बापाचा. पासवर्ड कोणाच्या डायरीत? बापाच्या. ओटीपी बापाच्या फोनवर येतो. म्हणजे ज्याचे आयुष्य त्या अर्जात आहे, त्याला स्वतःचा अर्ज उघडून पाहावयाचा तर बाप कचेरीतून परत येईपर्यंत थांबावे लागते! पुढे पसंतीक्रम भरण्याची वेळ येते. कोणती संस्था, कोणती शाखा, कोणते शहर, हे क्रमाने लिहून शेवटी ती यादी कुलूपबंद करावयाची असते. रात्री मुलगा निजल्यावर ती यादी वरखाली करणारे आणि सकाळी ‘तुझ्या भल्यासाठीच’ असे सांगणारे गृहस्थ आम्हांला ठाऊक आहेत. वाचकांनाही ते ठाऊक असतील. काहींना आरशात दिसतील.

आमच्या स्नेह्यांपैकी एकांच्या मुलाला भूगोलाचे वेड होते. नकाशे, नद्या, पाऊस यांवर तो तासन् तास बोले. वडिलांनी त्याच्या यादीतून तो विषय असलेली सर्व विद्यापीठे काढून टाकली आणि संगणकशाखा भरली. जागा मिळाली, पेढे वाटले गेले, आम्हीही ते खाल्ले. आज तो मुलगा दक्षिणेतील एका शहरात तिसऱ्या वर्षाला आहे. तो नापास होत नाही, तक्रार करीत नाही, पैसे मागत नाही, आणि आपण होऊन घरी फोनही करीत नाही. स्नेही म्हणतात, ‘सर्व काही सुरळीत आहे.’ त्या सुरळीतपणाची आम्हांला भीती वाटते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : सतराव्या वर्षी मुलाला काय कळते? हा आक्षेप इतर कोणी घेतला असता तर आम्ही त्याचा विचार केला असता. पण सरकारी अधिकाऱ्यांनी तो घ्यावा याचे नवल वाटते. १९८९ पासून या देशात अठराव्या वर्षी मताचा अधिकार मिळाला आहे. निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्राध्यक्ष म्हणून आपणच तेथे बसतो. समोर आलेल्या अठरा वर्षांच्या पोराच्या बोटाला शाई लावताना ‘तुला देशाचे काय कळते?’ असे आपण विचारतो काय? तो आडोशामागे जातो तेव्हा आपण मान वळवून पाहतो काय? देशाचे राज्य कोणी चालवावे हे ठरविण्यास जो येत्या वर्षी लायक होणार, तो स्वतः इतिहास शिकावा की यंत्रशास्त्र हे ठरविण्यास आज सर्वस्वी नालायक, हे तर्कशास्त्र आमच्या आकलनापलीकडचे आहे. त्याला कमी कळते हे खरे. मग सांगावे, वाद घालावा, त्या विषयातील जाणत्या माणसाकडे घेऊन जावे, खर्चाचा आणि नोकरीचा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. त्याचा निर्णय चुकण्याचा संभव आहे. पण चुकला तर तो दुरुस्त करण्याची जबाबदारी त्याला आपली वाटेल. आपला निर्णय चुकला तर तो दुरुस्त कोण करणार?

दुसरा आक्षेप व्यवहाराचा : पैसा आमचा, तेव्हा निवडही आमची. जे गृहस्थ आगरकरांच्या जयंतीला मंडळात भाषण करतात त्यांच्या तोंडी हे शोभत नाही. दारिद्र्यात शिकलेल्या त्या मुलाने एम.ए.च्या सुमारास आईला पत्र लिहून कळविले की, मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा तिने ठेवू नये. त्या माउलीला काय वाटले असेल याची कल्पना करवत नाही; पण ते पत्र आपण आदराने वाचतो. आगरकर दुसऱ्याच्या घरी जन्मलेले बरे, आपल्या घरी नकोत, असा तर या आदराचा अर्थ नव्हे ना?

आता ज्या गोष्टीविषयी मंडळात कोणी उघड बोलत नाही ती सांगतो. अकरावी-बारावीला नाव एका शाळेत आणि मुलगा दिवसभर शिकवणी वर्गात, ही ‘डमी’ शाळांची प्रथा आता आडपडद्याची राहिलेली नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये राजस्थान आणि दिल्ली येथे अचानक तपासण्या केल्या, आणि नोव्हेंबरमध्ये एकवीस शाळांची संलग्नता काढून घेतली. या शाळांच्या हजेरीपटावर मुले उपस्थित होती, वर्गात नव्हती. तो खोटा हजेरीपट शाळेने लिहिला हे खरे, पण शाळा निवडली कोणी? एखादा कारकून सही करून बाहेर गेला तर त्याला ज्ञापन देणारा अधिकारी आपल्या मुलाच्या खोट्या हजेरीचे शुल्क दरवर्षी भरतो! आणि येथेच हे थांबत नाही. मूल त्या वर्षी त्या शाळेत शिकले, या मुख्याध्यापकांच्या दाखल्यावर आपण शिक्षणभत्ता उचलतो. याला काय म्हणावे हे आमच्या वाचकांना आम्ही शिकविण्याची गरज नाही. नियम त्यांना आमच्याहून चांगले पाठ आहेत. गणित आणि रसायन मूल पुढे विसरेल. बापाने सोळाव्या वर्षी शिकविलेला हा धडा विसरणार नाही. ज्या कोटा शहरात विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांमुळे ऑगस्ट २०२३ मध्ये वर्गांतील चाचण्या दोन महिने थांबविण्याचा हुकूम जिल्हा प्रशासनाला काढावा लागला, तेथे मूल पाठविण्यापूर्वी ‘तुला जावयाचे आहे का?’ हा एक प्रश्न तरी आपण त्याला विचारला होता काय?

मुलींच्या बाबतीत तर प्रश्न विचारण्याचे सोंगही होत नाही. मुलासाठी ‘नामांकित’ महाविद्यालय आणि मुलीसाठी ‘जवळचे’, ही विभागणी आपल्या सुशिक्षित घरांत आजही बिनबोभाट चालते. मुलाच्या यादीत पहिला विचार गुणवत्तेचा; मुलीच्या यादीत पहिला विचार आत्याच्या घराचा. सावित्रीबाईंची तसबीर दिवाणखान्यात लावून ही यादी शेजारच्या खोलीत भरली जाते.

शेवटी एकच गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. आपण बदलीचे हुकूम पाळले. त्यासाठी आपल्याला पगार मिळाला, बढत्या मिळाल्या. आपल्या मुलांनीही ते पाळले, आणि त्यांना काय मिळाले? तिसरीत एक शाळा, सहावीत दुसरी, नववीत तिसरी; प्रत्येक ठिकाणी नवी भाषा, नवे सवंगडी, आणि ओळख पक्की होते न होते तोच पुन्हा खोकी बांधणे. आपल्यासारख्यांच्या मुलांची ही ओढाताण पाहूनच १९६३ मध्ये केंद्रीय विद्यालये निघाली. त्यांनी पुस्तके तीच ठेवली, मित्र तेच ठेवणे त्यांच्याही हाती नव्हते. त्या चिमुरड्यांनी कधी स्थगितीचा अर्ज केला नाही. सतरा वर्षे त्यांनी आपल्या नेमणुकीच्या गावाला आपले गाव मानले. विद्यापीठाचा अर्ज हा त्यांच्या आयुष्यातील पहिला असा हुकूम आहे की ज्यावर जाण्याचे ठिकाण त्यांनी स्वतःच्या हाताने लिहावयाचे आहे. तेवढे ठिकाण तरी त्यांना लिहू द्यावे. आपण दाखले जमवावेत, तारखा सांभाळाव्यात, शुल्क भरावे, आणि यादी कुलूपबंद होण्याच्या रात्री फोन त्यांच्या हाती देऊन खोलीबाहेर यावे. आणि कोणी विचारलेच, तर म्हणावे : ‘यंदा तिची बारावी आहे.’ मग खुशाल तालमीला यावे.