वर्कशॉपचे कुलूप उघडा

विहिरीवर पाच एचपीची मोटर बसवायची असली की शेतकरी चार ठिकाणी चौकशी करून मोटरची कंपनी ठरवतो. पाइप मात्र दुकानदार देईल तो. थोडे पैसे वाचतात म्हणून अडीच इंचीऐवजी दोन इंची पाइप ट्रॉलीत पडतो. फरक अवघा अर्ध्या इंचाचा दिसतो, पण पाण्याचे पाइपच्या भिंतीशी होणारे घर्षण व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या हिशेबाने कमी-जास्त होते. तेवढेच पाणी अडीच इंची पाइपातून नेले तर घर्षणात वाया जाणारा दाब जवळपास एक-तृतीयांशावर येतो. लाइन हजार-दीड हजार फुटांची, वाटेत चार काटकोनी एल्बो, फूट व्हॉल्व्हच्या जाळीत शेवाळ, अशी अवस्था असेल तर मोटरची बरीचशी ताकद पाइपाशी झगडण्यातच संपते. शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोचत नाही म्हणून मग साडेसात एचपीची मोटर येते. २०२४ पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिल माफ आहे, त्यामुळे हा तोटा शेतकऱ्याच्या डोळ्यांना दिसतही नाही. तो सरकारी तिजोरीतून जातो, म्हणजे सगळ्यांच्याच खिशातून.

हे गणित मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये असते. खेड्यापाड्यांतून आलेली मुले दरवर्षी ते सोडवतात, पास होतात, आणि सुट्टीत घरी गेल्यावर आपल्याच मळ्यातल्या दोन इंची पाइपाशेजारून निघून जातात. त्या पाइपाकडे परीक्षेतल्या प्रश्नासारखे बघायचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. महाराष्ट्रातल्या यंत्र अभियांत्रिकीचे खरे दुखणे हे आहे.

प्रवेशाचा हंगाम आला की चर्चा मात्र वेगळीच होते. कॉम्प्युटर मिळाले नाही तर आयटी, तेही नाही तर एआय, आणि कुठेच नंबर लागला नाही तर मेकॅनिकल. एके काळी गुणवत्ता यादीतली पहिली मुले जी शाखा घ्यायची, तिच्याबद्दल आता नातेवाईक हळहळत बोलतात. ‘मेकॅनिकलला आता स्कोप नाही’ हे वाक्य इतक्या वेळा बोलले गेले आहे की ते तपासून बघायची गरज कुणाला वाटत नाही.

तपासायला लांब जावे लागत नाही. स्वयंपाकघरातल्या कुकरमध्ये शिट्टीचे वजन वाफेला अडवते, आतला दाब बाहेरच्या हवेच्या जवळपास दुप्पट होतो आणि पाणी १०० ऐवजी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. म्हणून डाळ लवकर शिजते. शिट्टीच्या नळीत डाळीचे फोल अडकले आणि वाफ कोंडली, तर सेफ्टी व्हॉल्व्हमधला ठरावीक तापमानाला वितळणारा धातू विरघळून वाफेला वाट करून देतो. कुकर चालवणारी व्यक्ती चुकणार हे गृहीत धरून कुणीतरी केलेली ही रचना आहे. लिफ्ट, एसटीचे ब्रेक, ऑपरेशन थिएटरमधली हवा, दूध डेअरीतले शीतकरण, सगळीकडे हाच विचार काम करतो. आणि ज्या एआयच्या मागे मुले धावताहेत, त्याचे सर्व्हर जिथे ठेवलेले असतात ती ऐरोली-महापे परिसरातली डेटा सेंटर्स चिलर, पंप आणि पंख्यांच्या जिवावर चालतात. तिथली उष्णता बाहेर काढणे हे निखळ मेकॅनिकलचे काम आहे. इलेक्ट्रिक गाडीतून इंजिन गेले हे खरे, पण ब्रेक, सस्पेन्शन, बेअरिंग, चासी कुठेच गेली नाही. उलट बॅटरी थंड ठेवण्याचे नवे आणि अवघड काम येऊन बसले.

या विद्येचा महाराष्ट्रातला वारसा मोठा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला मुंबईला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये तोच विषय शिकवू लागले. बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडली, बेळगावात सायकलचे दुकान पूर्णवेळ सांभाळले, कडबा कापायची यंत्रे केली, मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते असा समज असल्याने सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षे लागली म्हणतात. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून १९२६ मध्ये मेकॅनिकलची पदवी घेऊन आले. बापाचे हात आणि मुलाचे शास्त्र एकाच कारखान्यात भेटले, आणि त्यातून पंप, लेथ, डिझेल इंजिने निघाली. आज कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात ओतकामाच्या भट्ट्या पेटतात, वाहन आणि ट्रॅक्टर कंपन्यांसाठी कास्टिंग निघतात, तेही याच मातीत रुजलेले कसब आहे.

पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याचे नाव ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ असे होते. क्लास आणि कारखाना ही जोडी तिथे नावातच होती. नव्वदच्या दशकानंतर तालुक्यातालुक्यात कॉलेजे निघाली आणि त्यातल्या कितीतरी ठिकाणी ही जोडी फुटली. वर्कशॉप असते, कारण मान्यतेसाठी ते लागते. पण लेथवर धूळ असते, एका मशिनभोवती वीस मुले उभी राहतात, चकती फिरवतो तो मदतनीस, आणि मुले मागच्या वर्षीची जर्नल उतरवून काढतात. मायक्रोमीटरने मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजताना हात किती हलका लागतो, दोन शाफ्ट एका रेषेत नसतील तर बेअरिंगचा आवाज कसा बदलतो, हे वहीतून कळत नाही. ते कळायला मशिनपाशी तास घालवावे लागतात, कपडे काळे करावे लागतात. चार वर्षांत त्यातले काहीच न करता मुलगा बाहेर पडतो, मुलाखतीत ड्रॉइंग वाचता येत नाही, आणि दोष शाखेच्या माथी मारला जातो.

उद्योगांनीही यात आपला वाटा उचलला आहे. पदवीधर मुलाला ट्रेनी म्हणून घ्यायचे, बारा-बारा तास राबवायचे, कंत्राटावर ठेवायचे आणि हातात इतका कमी पगार द्यायचा की चाकण-रांजणगावातल्या खोलीचे भाडे आणि मेस भागवल्यावर काही उरत नाही, ही पद्धत अनेक ठिकाणी रुळली आहे. असा मुलगा सहा महिने कोडिंगचा क्लास लावून हिंजवडीला गेला तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. कुशल माणूस मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्या कारखानदारांनी आधी आपल्या पगारपत्रकाकडे बघावे.

तरीही ज्याचे हात आणि डोके दोन्ही चालतात, त्याला काम आहे. साखर कारखान्याचा बॉयलर प्रमाणपत्रधारक माणसाशिवाय पेटवता येत नाही. बाष्पके संचालनालयाची बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा पास झालेल्याला साखर, कागद, औषधे, कापड अशा सगळ्या उद्योगांची दारे उघडी असतात. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये डाय आणि मोल्ड करायला शिकलेल्या मुलाच्या हातात एक दुर्मीळ कसब असते. वातानुकूलन, औद्योगिक रोबोंची देखभाल, सीएनसीचे प्रोग्रामिंग ही क्षेत्रे नेमकी मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरच्या सीमेवर आहेत. आणि हे काम फक्त मुलांचे असे समजण्याचे दिवसही केव्हाच सरले. १९७४ मध्ये ‘महिलांनी अर्ज करू नये’ असे छापलेली टेल्कोची जाहिरात वाचून सुधा कुलकर्णी यांनी जे. आर. डी. टाटांना थेट पत्र लिहिले आणि नोकरीही मिळवली. पुढे त्या सुधा मूर्ती म्हणून देशाला माहीत झाल्या. त्यानंतरही मेकॅनिकलच्या वर्गात मुली मोजक्याच दिसाव्यात, याला पालकांची भीती हेच मोठे कारण आहे.

सुधारणेला फार मोठा खर्च लागत नाही. जिल्ह्याजिल्ह्यात एसटीचे आगार आहे, अनेक ठिकाणी साखर कारखाने आहेत, पाणीपुरवठ्याची पंपहाऊस आहेत, सरकारी रुग्णालयात ऑक्सिजनचे प्लांट आहेत. कॉलेजांनी हीच आपली प्रयोगशाळा करावी. एका सत्रात विद्यार्थ्यांच्या गटाने गावातली एक पाणी योजना तपासावी, पंपाची कार्यक्षमता मोजावी, दुरुस्ती सुचवून ती करून दाखवावी आणि गुण त्यावर मिळावेत. तीस वर्षे लेथवर काढलेल्या आयटीआयच्या टर्नरला वर्कशॉपमध्ये मानाने शिकवायला बोलवावे, त्याच्याकडे पदवी नाही म्हणून त्याला मदतनीसाच्या खुर्चीत बसवू नये. विद्यापीठांनी आणि तंत्रशिक्षण संचालनालयाने ठरवले तर हे पुढच्या शैक्षणिक वर्षापासून होऊ शकते.

पालकांनीही ऑप्शन फॉर्म भरण्याआधी कॉलेजात एक चक्कर मारावी. प्लेसमेंटचा फलक वाचून झाल्यावर ‘वर्कशॉप दाखवा’ असा आग्रह धरावा. किती लेथ चालू आहेत, एका मुलाच्या वाट्याला मशीन आठवड्यातून किती तास येते आणि शिकवणारा माणूस कोण आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर देताना कॉलेज अडखळले, तर तिथला मेकॅनिकलचा प्रवेश घेऊ नये, आणि उत्तर चोख मिळाले तर मुलाला किंवा मुलीला तिथे घालायला अजिबात कचरू नये.